आधी फाउंडेशन, मग इंजिन!

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की आपली चर्चा कुठून सुरू होते? सीसी किती, पिकअप कसा, अ‍ॅव्हरेज काय देणार! इंजिन ज्यावर बसणार त्या रबरी फाउंडेशनचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, तेही "मिळेल ते टाकू" अशा थाटात. माझं मत नेमकं उलटं आहे, आणि ते पुस्तक वाचून झालेलं नाही.

माझे मामा डिंभे धरणाजवळ राहतात. त्यांच्याकडे जुनी सीजे-थ्रीबी जीप आहे. तिचं मूळचं पेट्रोलवर चालणारं हरिकेन इंजिन केव्हाच भंगारात गेलं आणि आरटीओत रीतसर नोंद करून डिझेल इंजिन आलं. जीप स्लोवर उभी असली की अशी थरथरायची की आरशात एकाचे दोन चेहरे दिसायचे. मामा म्हणायचे, "डिझेल आहे रे, हलणारच!" मध्यंतरी फाउंडेशन फाटलं तेव्हा मेकॅनिकने "मजबूत माल" म्हणून दगडासारखं कडक रबर बसवून दिलं.

गेल्या दिवाळीत आम्ही भीमाशंकरला निघालो. मागे आजी आणि मामी. पोखरी घाटात मामांनी पहिला गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि खाडकन आवाज झाला. डाव्या फाउंडेशनचा ब्रॅकेट वेल्डिंगपाशी तुटला, इंजिन उचललं गेलं आणि फॅन रेडिएटरमध्ये घुसला. पटकन चाकांमागे दगड लावले म्हणून निभावलं.

रबर मजबूत, मग ब्रॅकेट का तुटला? इथे आपलं व्हायब्रेशन कामाला येतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोन धक्के देतं. 750 आरपीएमला सेकंदाला 25 धक्के झाले. इंजिनाच्या वजनाने रबर जितके मिलिमीटर दबतं, त्याच्या वर्गमुळाने 15.8 ला भागलं की नैसर्गिक वारंवारिता हर्ट्झमध्ये मिळते. उजवी बाजू जॅकने उचलून मी व्हर्नियरने मोजलं. दाब फक्त अर्धा मिलिमीटर! म्हणजे वारंवारिता 22 हर्ट्झ, 25 ला जवळजवळ चिकटलेली. रेझोनन्स म्हणतात तो हाच. रबर शाबूत राहिलं, पण प्रत्येक हादरा ब्रॅकेटला मिळत गेला आणि वेल्डिंग थकलं.

तेच रबर अडीच मिलिमीटर दबणारं असतं तर वारंवारिता 10 हर्ट्झवर आली असती आणि निदान कागदावर तरी पाचवा हिस्साच कंपन चासीत उतरलं असतं. प्रत्यक्षात हलत्या भाराखाली रबर जास्त कडक वागतं, तेव्हा थोडा हात राखूनच निवडावं.

मग मऊ रबर टाकलं की झालं? तसंही नाही. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क काही पटींनी वाढतो आणि त्याची प्रतिक्रिया फाउंडेशनवरच येते. एक बाजू दबते, दुसरी उचलली जाते. रबर दाब सोसतं, ताणाला मात्र कच्चं. 1971 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला याच पायी सुमारे 67 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फाउंडेशन तुटून इंजिन उचललं गेलं की थ्रॉटल अडकायचा. उपाय काय केला? इंजिनाला धरून ठेवणारी एक साधी केबल!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की इंजिन घेण्याआधी त्याचं गिअरबॉक्ससकट वजन आणि स्लोचा आरपीएम लिहून काढा. त्यावरून रबर ठरवा. उचल रोखणारा स्टॉपर द्या, फॅनला मोकळी जागा ठेवा आणि तेलाची गळती रबरावर पडू देऊ नका, तेल नैसर्गिक रबराला खातं. हे जमत नसेल तर ते इंजिन त्या गाडीसाठी नाहीच, कितीही स्वस्त मिळो.

मामांच्या जीपला आता मऊ रबर आणि दोन्ही बाजूंना स्टॉपर आहेत. आजीही पुन्हा बसायला लागली आहे. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मात्र अजूनही इंजिनाला दहा पानं आणि फाउंडेशनला एक ओळ असते. ती एक ओळ तरी हिशेब करून लिहूया, काय?