रूढ साधन कीं मुक्त साधन ?

नाशिकाहून दिंडोरीस येणारा मनुष्य वाटेंत दोन गोष्टी दुतर्फा पाहतो : द्राक्षांचे मळे आणि फलक. चैत्रांत व नवरात्रांत सप्तशृंगीच्या यात्रेकरूंचें स्वागत करणारे फलक, हंगामांत द्राक्षांच्या खोक्यांवर छापलेलीं घडांचीं चित्रें, लग्नसराईंत घरोघर फिरणाऱ्या पत्रिका, निवडणुकीच्या दिवसांत चौकाचौकांतून हात जोडून उभीं राहणारीं मुखकमलें, — या सर्वांचा जन्म आतां संगणकावरच होतो. अक्षर आणि चित्र यांची मांडणी हा तालुक्याच्या गांवींहि पोट भरण्याचा एक धंदा होऊन बसला आहे, आणि आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक मुलांमुलींस त्याची गोडी लागली आहे, हें आम्ही आनंदानें पाहत आहों. म्हणूनच एक प्रश्न वेळींच विचारला पाहिजे. हें काम शिकण्यास मुलांच्या हातीं कोणतें साधन द्यावें ? बाजारांत ज्याचा बोलबाला आहे तें, कीं ज्याचें नांव थोड्यांसच ठाऊक आहे, पण जें सर्वांस मोकळें आहे तें ? आमचा कौल दुसऱ्या बाजूस आहे. तो कां, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम रूढ साधनांस त्यांचें श्रेय देणें उचित होय. रेखाटनासाठीं इलस्ट्रेटर १९८७ सालीं निघालें, कॅनडांतील कोरलड्रॉ १९८९ सालीं आलें, आणि छायाचित्रांवर संस्कार करणारें फोटोशॉप १९९० सालीं प्रसिद्ध झालें. ज्या कामास पूर्वीं रुळपट्टी, कात्री, डिंक व आठवडाभराचा वेळ लागे, तें काम या साधनांनीं एका बैठकींत आणून ठेविलें. जगभर त्यांस मान मिळाला तो उगाच नव्हे. तीं वाईट आहेत असें म्हणणारा मनुष्य एक तर त्यांस ओळखत नाहीं, किंवा खरें बोलत नाहीं. आमची तक्रार त्यांच्या गुणांविषयीं नाहीं. तीं ज्या अटींवर मिळतात त्या अटी शाळेंतील मुलास सोसण्यासारख्या आहेत काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

त्या अटी कोणत्या तें पाहूं. फोटोशॉप व इलस्ट्रेटर करणाऱ्या अडोबी कंपनीनें २०१३ सालापासून आपल्या या प्रमुख साधनांच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकण्याचें बंद करून त्या भाड्यानें देण्याचा क्रम आरंभिला. भाडें भरावें तोंवर साधन चालतें. भाडें थकलें कीं तें मिटतें, आणि त्या साधनाच्या खास बांधणींत ठेवलेलें आपल्याच हातचें चित्र आपणांस नीट उघडेनासें होतें. शेतकऱ्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. नांगर भाड्याचा असला तरी चालेल. पण भाडें थकतांच शेतांत उभें असलेलें पीकहि कुलुपांत जावें, हें कोणता शेतकरी मान्य करील? शिवाय मालक दूर देशीं असला म्हणजे त्याच्यावरहि दुसऱ्याचा हुकूम चालतो. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकन सरकारच्या एका आज्ञेमुळें याच कंपनीनें व्हेनेझुएला देशांतील सर्व ग्राहकांचीं खातीं बंद करण्याचें जाहीर केलें होतें. पुढें सवलत मिळून तो बेत त्याच महिन्यांत फिरला, हें खरें. तथापि त्या देशांतील चित्रकारांनीं ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करावी.

भाडें परवडत नाहीं तेव्हां लोक काय करितात, हें सर्वांस माहीत आहे व त्याविषयीं कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. कोणाकडून तरी चोरटी प्रत आणावयाची, कुलूप तोडण्याची युक्ति लावावयाची, आणि धंदा सुरू करावयाचा. आम्ही येथें कोणाहि दुकानदारास दोष देण्यास बसलों नाहीं. पोटाची निकड काय करविते तें आम्ही जाणतों. परंतु शाळेची गोष्ट वेगळी आहे. आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्यांत १९९४ सालीं झालेल्या दुरुस्तीनें संगणकीय प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणें हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यांत आला. जी शाळा परीक्षेंत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावणाऱ्या मुलास उभें करिते, तिनेंच त्या मुलास चोरटी प्रत हातीं देऊन "यावर सुंदर चित्र काढ" असें सांगावें, यासारखा विपरीत धडा दुसरा नाहीं. कलेचा पहिला पाठ लपवाछपवीनें सुरू झाला, तर पुढील पाठांचा भरंवसा कोणीं धरावा ?

आतां दुसरी बाजू. अमेरिकेंतील बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोघां विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं गिंप नांवाचें छायाचित्र-संस्काराचें साधन करावयास घेतलें. रेखाटनासाठीं इंकस्केप २००३ सालीं निघालें. पानांची मांडणी करण्यास स्क्रायबस आहे. हातानें रंगविल्याप्रमाणें चित्र काढण्यास क्रिटा आहे. हीं सर्व साधनें जगभरच्या स्वयंसेवकांनीं मिळून वाढविलीं असून त्यांचा परवानाच असा आहे कीं, कोणींहि तीं वापरावीं, त्यांची आंतली रचना तपासावी, सुधारावी, आणि त्यांची प्रत दुसऱ्यास द्यावी. दाम द्यावा लागत नाहीं हा त्यांचा लहान गुण होय. मोठा गुण हा कीं, शाळेंत जें साधन मुलानें वापरलें, तेंच तो घरीं नेऊं शकतो, थोरल्या भावाच्या जुन्या संगणकावर घालूं शकतो, शेजारच्या मित्रास देऊं शकतो. आणि शाळा सोडल्यावरहि तें त्याचेंच राहतें.

हा गुण किती मोलाचा आहे तें आम्ही प्रत्यक्ष पाहिलें आहे. आमचा एक माजी विद्यार्थी दहावीनंतर एका दुकानांत मांडणीचें काम शिकावयास राहिला. दोन वर्षांत त्यानें बरींच चांगलीं चित्रें केलीं. पुढें वडिलांच्या आजारपणामुळें तो मळ्यावर परत आला, तेव्हां आपलीं चित्रें त्यानें सोबत आणलीं; पण घरच्या संगणकावर त्यांतील एकहि उघडेना. दोन वर्षांची मेहनत हातांत होती आणि डोळ्यांस दिसत नव्हती. कांहीं दिवसांनीं कोणीं तरी इंकस्केप दाखविलें. त्यांत कोरलड्रॉचीं चित्रें बऱ्याच अंशीं उघडतात. अक्षरें विस्कटलीं, कांहीं रंग बिघडले. पण बाकीचें हातीं आलें. "आतां हें कोणी बंद नाहीं ना करणार, गुरुजी ?" असें त्यानें आम्हांस विचारलें. त्या प्रश्नानेंच हा लेख लिहविला आहे.

मराठी माणसानें साधनाची परीक्षा आणखी एका कसोटीवर केली पाहिजे, आणि ती कसोटी म्हणजे देवनागरी. आचार्यास मान द्यावा व आचाऱ्यास शिधा द्यावा. कोंकणांत दर्या असतो व सह्याद्रींत दऱ्या असतात. ज्या साधनास हा भेद उमटवितां येत नाहीं तें मराठी कामाचें नव्हे. या बाबतींत दोन्ही पक्षांनीं आपणांस ताटकळत ठेविलें, हें निःपक्षपातानें सांगितलें पाहिजे. देवनागरीस युनिकोडमध्यें जागा १९९१ सालींच मिळाली. परंतु अडोबीच्या पानमांडणीच्या साधनांत जोडाक्षरें नीट जुळविण्याची सोय सर्वसाधारण ग्राहकांस २०१२ च्या सुमारास लाभली, आणि स्क्रायबसच्या स्थिर आवृत्तींत ती यावयास २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला. स्क्रायबसमधील या कामाचा पाया ओमानांतील मंडळींनीं आपल्या अरबी लिपीच्या गरजेपोटीं घातला. एकानें आपल्या घरासाठीं खणलेल्या विहिरीचें पाणी दूरच्या देशांतील देवनागरीसहि मिळालें. कारण साधन मोकळें होतें.

मध्यंतरीं आपल्याकडे काय झालें तें आठवावें. प्रत्येक कंपनीच्या टाइपाची सांकेतिक बांधणी निराळी. एका टाइपांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला कीं त्याचा अर्थशून्य चिन्हांचा ढीग होई. पेजमेकर या साधनाची शेवटची आवृत्ति २००१ सालीं निघाली. तरीहि आपलीं अक्षरें त्यांत अडकून पडल्यामुळें देशी भाषांचे कितीतरी छापखाने पुढें वर्षानुवर्षें त्यासच चिकटून राहिले. जें साधन आज सर्वत्र रूढ आहे तें उद्यां नसेल. आपला मजकूर मात्र उरला पाहिजे. सुदैवानें आज मोकळ्या परवान्याचीं उत्तम देवनागरी अक्षरें उपलब्ध आहेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळीनें केलेलीं मुक्त व बलू, आणि मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें सिद्ध झालेली शोभिका, हीं कोणासहि विनामूल्य घेतां येतात. ज्यांनीं सुलेखनास संगणकावर प्रतिष्ठा मिळवून दिली त्या र. कृ. जोशी यांचेंहि स्मरण येथें अवश्य आहे. २००८ सालीं ते निवर्तले, पण विंडोजमधील मंगल हा त्यांचा टाइप आजहि असंख्य मराठी माणसांच्या डोळ्यांपुढें आहे.

कोणी म्हणेल, "हें सर्व ठीक, पण नाशिकच्या छापखान्यांत नोकरी मागावयास गेलें तर कोरलड्रॉ येतें काय असेंच विचारतील." ही शंका खरी आहे आणि पालकांच्या मनांतील आहे; तिची थट्टा करून चालणार नाहीं. आमचें उत्तर असें कीं, शाळेनें मुलास बटणें शिकवावयाचीं नसतात. अक्षरांमधील अंतर किती ठेवावें, समास कां सोडावा, दोन रंग एकमेकांशेजारीं केव्हां भांडतात, वक्र रेषा कोणत्या बिंदूंवर तोलावी, हें ज्याच्या हाडीं खिळलें त्यास दुसऱ्या साधनाचीं बटणें कांहीं आठवड्यांत येतात. ज्यास केवळ बटणें येतात, त्याच्या पायांखालची जमीन साधन बदलतांच सरकते. सायकल शिकणारा तोल शिकतो. सायकल कोणत्या कारखान्याची हें गौण आहे. पुढें धन्यानें रीतसर घेतलेलें कोरलड्रॉ पुढ्यांत ठेविलें, तर तें आमच्या मुलानें जरूर शिकावें.

दुसरी शंका उणिवांची. त्या आहेत, आणि लपवूं नयेत. छपाईस लागणारे चार शाईंचे रंग इंकस्केपमधून सरळ साधणें बरीच वर्षें अवघड राहिलें आहे. मूळ चित्र न बिघडवितां त्यावर संस्कार करण्याची सोय गिंपमध्यें २०२५ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत आली. प्रतिस्पर्ध्यांजवळ ती कधींचीच होती. त्यावर उपाय हा कीं, चित्र इंकस्केपमध्यें काढावें, पान स्क्रायबसमध्यें बांधावें, चार रंगांची व्यवस्था तेथें लावावी, आणि छापखान्यास पीडीएफ द्यावी. हें थोडें वळशाचें आहे, पण वाट बंद नाहीं. याचा दाखला आपल्याच देशांत आहे. केरळांतील जनयुगम् या मल्याळम् दैनिकानें २०१९ सालीं आपलें काम स्क्रायबस, गिंप, इंकस्केप व क्रिटा यांवर नेलें. रोजच्या रोज ठरल्या घटकेस वृत्तपत्र काढणाऱ्यांचा जर त्यांवर निर्वाह होतो, तर वर्षांतून एकदां निघणाऱ्या शालेय वार्षिकाचा कां होऊं नये ?

अप्रसिद्ध साधनास हंसणाऱ्यांनीं आपल्या मुद्रणाचा इतिहासहि आठवावा. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामावर लहान वयांत लागलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या कुशल हातानें घडलेलीं तीं अक्षरें आरंभीं कोणास ठाऊक होतीं ? पुढें देवनागरी छपाईचें मानदंड म्हणून तींच मिरविलीं. जें आज प्रमाण आहे तें एके काळीं अपरिचितच होतें. कोणीं तरी तें धीर करून हातीं घेतलें म्हणून तें प्रमाण झालें.

तेव्हां आमची सूचना थोडक्यांत अशी. शाळेच्या संगणकांवर हींच मोकळीं साधनें ठेवावींत. ज्या मुलास हवीं त्यास तीं घरीं नेण्यास उघडपणें द्यावींत. आणि पुढील वर्षींच्या या वार्षिकाचें मुखपृष्ठ व मराठी विभागाचीं पानें विद्यार्थ्यांनींच त्यांवर सिद्ध करावींत. पहिल्या खेपेस कोठें रंग फिका पडेल, कोठें ओळ सरकेल. वाचकांनीं तें सांभाळून घ्यावें. विद्यार्थिमित्रांनो, तुमचे वडील द्राक्षाची काडी लावतात तेव्हां ती आपल्या जमिनींत लावतात. तुम्हींहि आपली विद्या अशा जमिनींत लावा, कीं जिला कुलूप घालण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाजवळ नसेल.