मासा काढा, रीफ मोडू नका

रीफ टँकमध्ये एक मासा दांडगाई करू लागला की घरातल्यांचा धीर सुटतो आणि हात आधी जाळीकडे जातो. शांती नगरात, एकूणच मीरा-भाईंदरमध्ये, खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जाळी घेऊन त्याच्या मागे लागू नका.

बहुतेक वेळा हा दांडगा म्हणजे डॅमसेल. त्यातला तीन पांढऱ्या ठिपक्यांचा काळा डोमिनो दुकानात असतो अंगठ्याच्या नखाएवढा. स्वस्त आणि काटक, म्हणून नव्या टँकसाठी तोच गळ्यात मारला जातो. पुढे तो चार-पाच इंचांचा होतो, दगडातली एक कपार बळकावतो आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला चावायला धावतो. मार खाणारा मासा लगेच ओळखू येतो. शेपटीची कड कुरतडलेली असते, तो वरच्या कोपऱ्यात पंपाच्या आडोशाला चिकटून राहतो आणि खाणं पडलं तरी खाली येत नाही. हे दिसलं की हयगय नको.

पण जाळी पाण्यात गेली की डोमिनो कपारीत शिरतो. घाबरतात ते बाकीचे, कोरल उलटतात, आणि ताणाने खचलेल्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चढतो.

त्यापेक्षा सापळा करा. दोन लिटरची पाण्याची बाटली धुऊन घ्या, वरचा भाग कापा आणि उलटा करून आत बसवा. बाटलीचं तोंड डोमिनोच्या उभट अंगाला अपुरं पडतं, म्हणून ते रुंद कापा. बाजूंना भोकं पाडा म्हणजे पाणी खेळतं राहील. आत करंदीचा तुकडा टाकून सापळा त्याच्या कपारीजवळ ठेवा. पहिले काही दिवस पकडायची घाई करू नका, त्याला निर्धास्तपणे ये-जा करू द्या. मग एक दिवस टँकमध्ये खाणं न टाकता फक्त सापळ्यात टाका आणि समोर बसून राहा. आत शिरला की तोंड झाकून बाटली उचला.

सापळ्याला दाद दिली नाही, तर रात्र आपली. डॅमसेल रोज जवळपास त्याच कपारीत झोपतो. दिवे मालवून तासा-दोन तासांनी मंद लाल उजेडात तो दगड माशासकट अलगद बादलीत काढता येतो. हीटर आणि पंपांचे प्लग आधी काढा. हीटर पाण्याबाहेर चालू राहिला तर काच तडकते. हातमोजे आणि चष्मा घाला. झोअँथिड जातीच्या काही कोरलांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. असा दगड उकळत्या पाण्यात कधीच टाकू नका, त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात पोचतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसला म्हणून टँकमध्ये औषध ओतू नका. तांब्याच्या औषधाने कोरल, गोगलगायी आणि कोलंब्या मरतात.

मासा हाती लागण्याआधी त्याची सोय करून ठेवा. टँकचंच पाणी बादलीत, त्यात बॅटरीवर चालणारा एअर पंप. दुकानदार परत घेतो का, ओळखीत कुणाकडे मोठा टँक आहे का, ते आधीच विचारा.

आणि भाईंदरची खाडी कितीही जवळ असली तरी त्याला तिथे सोडू नका, उत्तनच्या किनाऱ्यावरही नको. गढूळ, कमी-जास्त खारट पाण्यात तो बहुधा मरेल. जगला तर जास्त वाईट. फ्लोरिडाच्या समुद्रात 1985 मध्ये लायनफिश आढळला. तो लोकांच्या टँकमधूनच सुटला, असं अभ्यासक मानतात. आज कॅरिबियनभर तो स्थानिक माशांची पिल्लं फस्त करतोय. आपल्या उजनी धरणात सकर मासा पोचला तोही टँकच्या हौसेतून आलेला, आणि त्याचा त्रास तिथले मच्छीमार भोगताहेत. उत्तनच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात आपल्या घरातली ब्याद जाता कामा नये. घेणारा मिळेपर्यंत डोमिनोला वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा, आणि पुढच्या वेळी डॅमसेल घेऊच नका.