जुनेपणाला नोंदीची जोड हवी

‘जुना तांदूळ’ अशी पाटी दिसली की ग्राहक किलोमागे काही रुपये अधिक मोजतो. तो तांदूळ किती महिन्यांचा आहे आणि कोणत्या स्थितीत साठवला होता, हे मात्र पाटी सांगत नाही. ही वाढीव किंमत बहुधा भात पिकवणाऱ्याला मिळत नाही. ज्याच्याकडे कोठार आहे आणि थांबण्याची ऐपत आहे, त्याच्याच पदरात ती पडते.

तंजावर परिसरात हा विरोधाभास ठळकपणे दिसतो. पापनाशमजवळील तिरुपालैतुरै येथे नायक राजवटीतील विटांचे भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. त्याच कावेरी खोऱ्यात कुरुवै हंगामाचे भात कापणीला येते, तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस दाराशी असतो. सरकारी खरेदीसाठी आर्द्रतेची मर्यादा 17 टक्के आहे आणि ती शिथिल करण्याची मागणी वारंवार होते. ओल्या भाताच्या अशाच अडचणींतून 1967 मध्ये तिरुवारूर येथे भात प्रक्रिया संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे तंजावरला हलवलेले तेच केंद्र आज राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

भात जुने होणे आणि भात खराब होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कोरडे भात साठवणीत राहिले की दाण्यातील प्रथिने, स्निग्धांश आणि पिष्ट यांच्यात सावकाश बदल होतात. शिजताना दाणा अधिक फुलतो, चिकटपणा घटतो, भात मोकळा होतो. यातील बराचसा बदल पहिल्या तीन-चार महिन्यांतच घडतो. ओल्या भातात मात्र त्याच काळात बुरशी, सोंडे आणि कुबट वास घर करतात.

बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचीही हीच कथा आहे. हवा आणि उष्णता लागली की त्यांचा कडवटपणा व सुगंध घटतो. म्हणून ती हवाबंद करून थंड जागी ठेवतात. बेल्जियममधील लॅम्बिक बिअरचे उत्पादक मात्र मुद्दाम काही वर्षांची जुनी हॉप्स वापरतात. त्यांना कडवटपणा नको असतो; नको त्या जिवाणूंना आवरण्याचा गुण तेवढा हवा असतो. माल जुना करायचा की ताजा राखायचा, हे तिथे उपयोगावर ठरते.

तांदळाच्या बाबतीतही निर्णय वाणानुसार व्हावा. आंबेमोहर किंवा आजरा घनसाळ यांचे मोल सुगंधात आहे आणि तो साठवणीत ओसरतो. असा माल लवकर विकणे हिताचे. मोकळ्या भातासाठी मागणी असलेले वाण जुने करून विकता येतात. साठवण शक्यतो भाताच्या रूपात करावी, कारण तुसाचे कवच दाण्याचे रक्षण करते. काही महिन्यांसाठी आर्द्रता 14 टक्क्यांपर्यंत, तर आठ ते बारा महिन्यांसाठी 13 टक्क्यांपर्यंत उतरलेली असावी. हवाबंद पिशवीत प्राणवायू संपून किडी मरतात. परंतु ओल्या भाताला ती पिशवीही वाचवू शकत नाही. आधी वाळवण, मग साठवण, हा क्रम मोडता येत नाही.

थांबण्यासाठी पैसा लागतो, हा आक्षेप खरा आहे. महाराष्ट्रात कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून राबवली जाते. तीत भातावरही, मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. ही मुदत आणि भात जुने होण्याचा काळ यांचा मेळ बसतो. तरीही विस्तार कार्यात ही योजना केवळ भाव पडल्यावरचा आधार म्हणून सांगितली जाते. मूल्यवृद्धीचे साधन म्हणून ती क्वचितच मांडली जाते.

विस्तार कार्यकर्त्यांनी सुरुवात साध्या गोष्टीपासून करावी. प्रत्येक पोत्यावर वाण, मळणीची तारीख आणि साठवणीच्या दिवशीची आर्द्रता लिहिलेली असावी. गटाने मिळून एक आर्द्रतामापक घेतला, तर हे काम अवघड नाही. नोंद असेल तर जुनेपण हा शेतकऱ्याचा सौदा करण्याचा आधार ठरेल. नोंद नसेल तर ते व्यापाऱ्याच्या पाटीवरचे दोन शब्द राहतील.