मोठ्यानं सांगा!

बालमित्रांनो, पेणहून किंवा रोह्याहून पनवेलकडे रेल्वेनं गेला असाल, तर वाटेतले सिग्नल तुम्ही पाहिलेच असतील. लाल, पिवळा, हिरवा. आपण ते बघतो नि विसरून जातो. इंजिनात बसलेल्या दोघांचं मात्र तसं नसतं. चालक आणि साहाय्यक चालक, दोघांनीही सिग्नल दिसल्याबरोबर तो एकमेकांना मोठ्यानं सांगायचा, असा रेल्वेचा नियमच आहे. "त्यांना दिसला असेलच की, मी कशाला बोलू?" असं साहाय्यकानं म्हणून चालत नाही. शेजारचा चालक वयानं, अनुभवानं कितीही मोठा असो, सांगायचं म्हणजे सांगायचंच! मागे शेकडो माणसं बसलेली असतात ना?

आज ज्यांची ओळख करून देणार आहे, त्यांनी सुरुवात केली ती याच साहाय्यकाच्या जागेवरून. त्या म्हणजे सुरेखा यादव, भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक.

सुरेखाताईंचा जन्म १९६५ चा, साताऱ्याच्या शेतकरी घरातला. पाच भावंडांत त्या थोरल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलची पदविका घेतली. गंमत म्हणजे त्यांना व्हायचं होतं गणिताच्या शिक्षिका! पण रेल्वेची जाहिरात आली, अर्ज केला आणि परीक्षेला जाऊन बघतात तो काय, मुलगी म्हणून त्या एकट्याच! त्या परत फिरल्या नाहीत. पेपर दिला, निवड झाली, कल्याणला प्रशिक्षण झालं.

आता पुढची सालं नीट वाचा बरं. १९८९ मध्ये त्या साहाय्यक चालक झाल्या. १९९६ मध्ये मालगाडी हातात आली. २००० मध्ये मुंबईची महिला स्पेशल लोकल. त्यानंतर घाटात गाडी चालवण्याचं वेगळं शिक्षण. बोरघाटात काही ठिकाणी ३७ मीटर पुढं गेलं की रूळ एक मीटर खाली उतरतो. एवढ्या उतारावर एवढी जड गाडी ब्रेकवर सांभाळून आणायची, हे काही खायचं काम नाही! ८ मार्च २०११ रोजी सुरेखाताईंनी याच घाटातून डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

साहाय्यक ते मालगाडी, मध्ये सात वर्षं गेली. पहिल्याच दिवशी कुणी त्यांना घाटात पाठवलं नाही. एक काम जमलं, मग दुसरं मिळालं. आत्मविश्वास असाच येतो. आधी तो येईल, मग मी काम करीन, असं म्हणत बसलं तर गाडी स्टेशनातच उभी!

माझ्या वर्गात रोज एक गोष्ट दिसते. कितीतरी मुलींच्या पाटीवर उत्तर अगदी बरोबर असतं. पण उभं केलं की मान खाली, आवाज ओठातल्या ओठात. शेजारचा गडी मात्र चुकीचं उत्तर खणखणीत सांगून मोकळा!

माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा भेटली. हात असा कुशल की घरातला बिघडलेला पंखा तीच उघडते. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा अर्ज भरायचा मनात होतं. "पण बाई, वर्गात मी एकटीच मुलगी असेन, मला नाही जमायचं," म्हणाली. तिला मी सुरेखाताईंच्या परीक्षेची हकीकत सांगितली. ती अजून विचार करतेय.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. "मला नाही जमायचं" हे मुली कुठं शिकतात? एसटीचं तिकीट काढायचं, तर "तू राहू दे, दादा काढेल." फ्यूज गेला, तर "तू लांब हो." बँकेत स्लिप भरायची, तर बाबाच. मुलगी बारा वर्षांची होते, तोवर असे शेकडो "राहू दे" तिनं ऐकलेले असतात. मग पुढं पनवेलला कॉलेजात किंवा नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर तिचा आवाज एकदम कुठून फुटणार? तिला छोटी छोटी कामं द्या. चुकली तर चुकू द्या, पुन्हा तिलाच करू द्या. आणि मुलग्यांनो, बहीण बोलत असताना मध्ये तोंड घालू नका बरं का!

या आठवड्याचं काम. मुलींनी घरातलं एक असं काम करायचं, जे आजवर दुसरंच कुणी करत आलंय. वीजबिल भरणं, पोस्टात जाणं, काहीही. मोठं माणूस सोबत असू दे, पण खिडकीशी बोलायचं तुम्हीच. आणि वर्गात उत्तर येत असेल, तर सिग्नल दिसल्यासारखं मोठ्यानं सांगायचं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे!