घरची फरशी आणि पाळीव प्राणी

काचीगुड्यातील जुन्या घरांतून आजही शहाबाद-तांदूरची फरशी आढळते. तीवर मांजराने वा कुत्र्याने मूत्र केले, की कित्येक घरांत लिंबू अथवा ॲसिड वापरण्याची घाई होते. परंतु ही फरशी चुनखडीच्या दगडाची. आम्लाने डागाआधी दगडच झिजतो, खरखरीत होतो आणि पुढील ओल अधिक शोषून घेतो. यास्तव ओल तत्काळ कोरड्या फडक्याने टिपावी, मग साबणाच्या पाण्याने पुसून जागा वाळवावी. सागवानी फळीवर पाणीही बेतानेच वापरावे. मूत्र मुरले, तर लाकूड काळवंडते. ब्लीचिंग पावडर कटाक्षाने टाळावी. मूत्रातील अमोनियाशी तिचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. जमिनीवर खेळणाऱ्या बालकांच्या श्वासात तो जाऊ नये.