लोणावळ्याला निघताय? ट्रॅफिकसोबत घाटमाथाही बघा

लोणावळ्याला जाताना आपण मॅपवर काय बघतो? खंडाळ्याचा ट्रॅफिक. मीही तेवढंच बघायचो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब अडकलं, पाच जण गेले. असं पाणी अचानक वाढतं ते वरच्या डोंगरातल्या पावसाने. ॲप मात्र तुमच्या पिनपुरताच अंदाज देतं, आणि ओढा किती चढलाय हे मॅपला कळत नाही. आता मी हवामान खात्याचा पुणे शहराचा नाही, पुणे घाटमाथ्याचा इशारा बघतो. २४ तासांत ११५.६ मिमीच्या वर म्हणजे अतिजोरदार. मग मुंबईच्या रडारवर ढग कुठे सरकतायत ते. ऑरेंज असेल तर पाण्यात उतरत नाही. भजी खाऊन परत. मित्र चिडवतात, चिडवू देत.