स्पोर्ट्‌स कार, आंबोली घाट आणि सोसायटीचा स्पीडब्रेकर

ऑफिसात चहाच्या वेळी गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "स्पोर्ट्‌स कार दिसायला भारी रे, पण लाँग ड्राइव्हला? पाठीची पार वाट लागते." असं म्हणणाऱ्यांपैकी स्पोर्ट्‌स कारमध्ये सलग शंभर किमी बसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मीही न बसताच मान डोलवायचो. २०२४ च्या डिसेंबरात बसलो, आणि तेव्हापासून मान डोलवणं बंद केलंय.

तर झालं असं. कॉलेजच्या एका मित्राने सेकंड हँड गाडी घेतली. जर्मन, दोन दारांची, मागची सीट नावापुरती (लॅपटॉपची बॅग आरामात बसते, माणूस नाही). मॉडेल सांगत नाही, कारण पुढे मी तिला नावं ठेवणार आहे आणि तो हे वाचतो. सावंतवाडीला लग्न होतं. रावेतहून बायपासने कात्रज, मग सातारा, कोल्हापूर, निपाणीहून आत वळून उत्तूर, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडी. साधारण पावणेचारशे किमी. योगायोग असा, की महिन्याभरापूर्वीच मी याच रस्त्याने आई-बाबांना घेऊन गेलो होतो, आमच्या उंच, ऐसपैस एसयूव्हीतून. म्हणजे रस्ता तोच, आणि कराडनंतर मित्राने चावी माझ्याकडे दिल्यामुळे ड्रायव्हरही तोच. इंजिनियरला आणखी काय पाहिजे?

पहिला धक्का सीटचा. शोरूममध्ये आपण पाच मिनिटं बसतो आणि मऊ सीटला "कम्फर्टेबल" म्हणतो. दोन तासांनी त्याच मऊ सीटमध्ये कंबर खाली रुतते, पाठीचा कणा इंग्रजी सी अक्षरासारखा होतो आणि माणूस दर दहा मिनिटांनी सरकून बसायला लागतो. या गाडीची सीट हाताला अगदी टणक लागली, पण तिने दोन्ही बाजूंनी बरगड्या आणि मांड्या धरून ठेवल्या. वळणावर स्वतःला सावरायचं काम शरीराला करावंच लागलं नाही. दिवसभरात शेकडो वेळा आपण नकळत ते काम करतो, आणि संध्याकाळी जो थकवा येतो त्यातला बराचसा त्याचाच असतो असं माझं मत झालंय. एसयूव्हीतून कराडला उतरलो तेव्हा बॉनेटला टेकून पाच मिनिटं कंबर मोडत होतो. या वेळी उतरलो आणि सरळ चहाच्या टपरीकडे चालत गेलो.

दुसरा धक्का आंबोली. आमच्या आईचा घाटाशी जुना वैरभाव आहे. एसयूव्हीत आजऱ्यापासूनच आल्याची वडी तोंडात आणि प्लॅस्टिकची पिशवी हातात. "अजून किती रे वळणं?" हे दर दोन मिनिटांनी. आता माझा मित्र याच जातीचा. कॉलेजात असताना एसटीत खिडकीची सीट त्याला द्यावीच लागायची, सगळ्यांच्या भल्यासाठी. तो आंबोलीत माझ्या शेजारी बसून चक्क मोबाइलवर मेल वाचत होता!

याचं कारण आकड्यांत सांगता येतं. माणसाला मळमळ होते ती हळू, लांब हेलकाव्यांनी, साधारण ०.१ ते ०.५ हर्ट्‌झच्या दरम्यान, म्हणजे दोन ते दहा सेकंदांत एक हेलकावा. घाटातल्या वळणांची लय नेमकी इथेच पडते. वळण कोणत्याही गाडीत तेच, पण उंच आणि मऊ गाडी त्यात स्वतःचं कलंडणं मिसळते. गाडी कलंडते, मग तुम्ही, मग तुमचं डोकं. खाली बसलेली, कडक गाडी हा दुसरा भाग जवळजवळ काढूनच टाकते.

आणि मुळात लांब पल्ला आणि वेगवान गाडी यांचं वाकडं कधी नव्हतंच. गाड्यांच्या मागे चिकटवलेली जीटी ही अक्षरं ग्रान तुरिस्मो या इटालियन शब्दांची. अर्थ, लांबचा प्रवास. लान्चियाने १९५१ मध्ये ऑरेलिया बी२० ला ती लावली, तेव्हा अपेक्षा हीच होती की दिवसभर जोरात चालवा आणि संध्याकाळी ताजेतवाने उतरा. आपल्या शेजारच्या चाकणमध्येही ही अक्षरं बनतात. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, पोलो २०२२ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी व्हर्टसची जीटी आली. (दोन सीटवाल्या खऱ्या स्पोर्ट्‌स कारचं म्हणाल तर आपलं नशीब थोडं कमीच. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाला रेसमो दाखवली, ती बाजारात आलीच नाही.)

आता नावं ठेवतो. पंधरा दिवसांनी त्याच गाडीतून मुंबईला गेलो. किवळ्याला एक्स्प्रेसवे लागला आणि मला वाटलं, आता मजा. कसली मजा! सावंतवाडीला जे जाणवलं नव्हतं ते इथे जाणवलं. सारखी बारीक थरथर, आणि टायरचा आवाज इतका की गाणी लावण्यात अर्थ नाही. काँक्रीटच्या रस्त्याला आपल्याकडे साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागा साडेचारने. सेकंदाला सहा ठोके, सहा हर्ट्‌झ. आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त संवेदनशील असतं ते ४ ते ८ हर्ट्‌झमध्येच! यात टायरची भर. मित्राच्या गाडीला २४५/३५, म्हणजे टायरची भिंत साडेआठ सेंमी. आमच्या एसयूव्हीला २१५/६०, जवळजवळ तेरा. ठोका गिळायला रबर आणि हवा दीडपट. इथे एसयूव्ही जिंकली, मान्य.

पण खरा छळ सस्पेन्शनचा नव्हताच. तो होता स्पीडब्रेकरचा. निपाणी सोडल्यापासून आंबोली येईपर्यंत आम्ही २७ मोजले. प्रत्येकाच्या आधी गाडी जवळजवळ थांबवायची, तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायचं आणि श्वास रोखून खालून येणारा आवाज ऐकायचा. मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय. पाठ नाही, डोकं थकतं. हायवेवरच्या सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनांनी तेच केलं. त्या दिवशी सावंतवाडीत उतरल्यावर दोघांचे खांदे आखडले होते, ते या भीतीने.

परत आल्यावर मी आयआरसी ९९ काढून बघितलं. इंडियन रोड्‌स काँग्रेसने १९८८ मध्येच स्पीडब्रेकर कसा असावा ते लिहून ठेवलंय. उंची १० सेंमी, रुंदी ३.७ मीटर, १७ मीटर त्रिज्येची गोलाई, ताशी २५ किमीने ओलांडायला. आता दहावीची भूमिती. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी या गोलाईवर उभी केली तर दोन चाकांच्या मधला फुगवटा निघतो ४.६ सेंमी. मित्राच्या गाडीखाली १२ सेंमी जागा आहे. म्हणजे नियमातल्या स्पीडब्रेकरवरून ती सरळ, न घासता, गप्पा मारत जाईल! उरलेल्या सात सेंमींत मोजे घातलेला पायही मावेल.

मग टेप घेऊन खाली गेलो आणि आमच्या सोसायटीच्या गेटसमोरचा मोजला. उंची १३ सेंमी, रुंदी ७० सेंमी. याला गोलाई वगैरे नाही, ही भिंतच आहे, फक्त आडवी झोपवलेली.

माझा मुद्दा एवढाच आहे. पावणेचारशे किमीपैकी खरोखर वाईट रस्ता माझ्या हिशेबाने फार तर वीस किमी होता. आपण सगळे गाडी निवडतो ती त्या वीस किमीसाठी, आणि उरलेले साडेतीनशे कलंडत, सरकत, आल्याची वडी चघळत जातो. वर पुन्हा म्हणतो की स्पोर्ट्‌स कार आरामदायी नसते. गाडीत खोट नाही असं मी म्हणत नाही, पण निम्मा दोष आपण चुकीच्या माणसाच्या नावावर टाकतोय.

मग मी स्वतः काय घेणार? (हे आईने सगळ्यात आधी विचारलं.) मित्राची गाडी एकदा बाबांना बसून बघायला सांगितली. बसले छान. सीट आवडली, स्टिअरिंग आवडलं, "विमानासारखं वाटतंय" म्हणाले. उठायची वेळ आली तेव्हा गुडघ्यांनी संप पुकारला. मी एका हाताला, वॉचमन काका दुसऱ्या हाताला. उभे राहून शर्ट नीट करत बाबा म्हणाले, "तू घे की. मी आणि तुझी आई एसटीने येऊ." ते हसत होते, पण मी त्या रात्री तीन वर्षं जमवलेल्या पैशांची एक्सेल शीट उघडली आणि तशीच बंद केली. सध्या खाली बसलेली, जरा कडक सस्पेन्शनची चार दारांची सेडान बघतोय. टेस्ट ड्राइव्ह पाच मिनिटांची नको, दोन तास द्या म्हटलं तर सेल्सवाला माझ्याकडे संशयाने बघतो.

स्पीडब्रेकरचं मात्र सोडलेलं नाही. १७ मीटर त्रिज्येची आकृती काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले आणि सेक्रेटरी काकांचा प्रश्न, "तुमच्याकडे तर एसयूव्ही आहे ना? मग तुम्हाला काय त्रास?" पुढच्या रविवारी मीटिंग आहे. मित्राला बोलावलंय, आणि काकांना त्याच्या शेजारच्या सीटवर बसवून गेटातून एक चक्कर मारायची असं ठरलंय.